कुत्र्याची भयमुक्त हाताळणी

कुत्र्याची भयमुक्त हाताळणी : अंग विंचरणे, स्नान घालणे, नखे कापणे, कान व दात साफ करणे यांसारख्या नित्याच्या निगेच्या वेळी, तसेच पशुवैद्याकडून होणारी तपासणी, लसीकरण व उपचार यांच्या वेळी कुत्र्याला भीती वाटू नये किंवा ती कमीत कमी वाटावी, अशा रीतीने त्याला हाताळण्याच्या आणि त्यासाठी आधीपासून सराव देण्याच्या पद्धतींचा या संज्ञेत समावेश होतो. बळाचा वापर करून कुत्र्याला जखडून ठेवणे हा या पद्धतींचा उद्देश नसून कुत्र्याने स्वतः स्थिर राहून सहकार्य करावे हा आहे.

माणसाने माणसाळविलेल्या प्राण्यांमध्ये कुत्रा हा सर्वांत जुना होय. त्याचा व माणसाचा सहवास किमान १५,००० वर्षांचा आहे. इतक्या दीर्घ सहवासानंतरही अनोळखी व्यक्तीने अंगावर ओणवे होणे, पंजा घट्ट धरणे, कानात नळी घालणे किंवा गुदद्वारात तापमापक सरकविणे या क्रिया कुत्र्याच्या दृष्टीने संकटसूचकच असतात. त्यांमागील हेतू त्याला कळणे शक्य नसते. जर्मनीत केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात पशुवैद्याकडे आलेल्या १३५ कुत्र्यांपैकी १०६ कुत्री तपासणीच्या टेबलावर भयभीत झालेली आढळली. निम्म्याहून कमी कुत्री दवाखान्यात शांतपणे आली, तर १८ कुत्र्यांना ओढून किंवा उचलून आत आणावे लागले.

महत्त्व : कुत्र्याची भीती ही केवळ त्याच्या गैरसोयीची बाब नाही. दवाखान्यात न्यावयाचे म्हटले की घरात रणकंदन होते, या अनुभवामुळे पुष्कळ मालक तपासणी व लसीकरण लांबणीवर टाकतात. परिणामी कानाचा जुनाट दाह, दातांचे रोग, स्तनातील गाठी, सांधेदुखी वगैरे विकार उशिरा लक्षात येतात. तपासणी झाली तरी घाबरलेल्या कुत्र्याच्या शरीरातील बदलांमुळे निदानात चूक होण्याचा संभव असतो. भीतीमुळे कुत्रा चावतो व त्यामुळे मालक, पशुवैद्य आणि मदतनीस यांना इजा होते. माणसाला होणाऱ्या अलर्क रोगाचा (रेबीजचा) संसर्ग जवळजवळ सर्व वेळा कुत्र्याच्या चाव्यातून होतो आणि या रोगाची साखळी तोडण्यासाठी एखाद्या प्रदेशातील सु. ७० टक्के कुत्र्यांना लस टोचणे आवश्यक मानले जाते. हे लक्षात घेता, कुत्र्याने टोचणीच्या वेळी शांत राहणे ही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची गोष्ट ठरते.

भीतीची कारणे : काही कुत्र्यांत भित्रेपणा आनुवंशिक असतो, तर काहींत तो पिलाच्या वयात पुरेसा अनुभव न मिळाल्याने येतो. पूर्वीचा एखादा वेदनादायक प्रसंग हे तिसरे प्रमुख कारण होय. नख कापताना एकदा जिवंत भाग कापला गेला, तर पुढे केवळ कात्री दिसताच कुत्रा पंजा ओढून घेतो. चौथे व वारंवार दुर्लक्षिले जाणारे कारण म्हणजे प्रत्यक्ष वेदना. एरवी निमूटपणे विंचरून घेणारा कुत्रा एकाएकी गुरगुरू लागला, तर त्याचा स्वभाव बिघडला असे न समजता त्या जागी दुखणे आहे काय याची प्रथम तपासणी करावी. संधिवात झालेल्या वृद्ध कुत्र्याला मागील पाय उचलून धरल्यास किंवा कानाचा दाह असलेल्या कुत्र्याच्या कानाला हात लावल्यास असे घडते.

यांखेरीज परिसरातील अनेक गोष्टी भीतीत भर घालतात. कुत्र्याला सु. ४५,००० हर्ट्‌झ कंप्रतेपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर माणसाची मर्यादा सु. २०,००० हर्ट्‌झ आहे. त्यामुळे केस वाळविण्याच्या व कापण्याच्या यंत्राचा आवाज त्याला माणसापेक्षा वेगळा व तीव्र भासू शकतो. दवाखान्यातील जंतुनाशकांचा वास, इतर भेदरलेल्या प्राण्यांचे वास व ओरडणे, पाय घसरविणारी फरशी आणि धातूचे थंड टेबल हीदेखील अस्वस्थतेची कारणे आहेत.

शरीरातील बदल : धोक्याची जाणीव होताच अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होते आणि अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात मिसळते. हृदयाचे स्पंदन व श्वसन जलद होते, रक्तदाब वाढतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात व स्नायू ताठरतात. त्यापाठोपाठ मेंदूतील अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी यांच्या द्वारे अधिवृक्क ग्रंथींना संदेश जाऊन कॉर्टिसॉल या हॉर्मोनाचे प्रमाण वाढते. प्रौढ कुत्र्याचे शरीराचे तापमान सामान्यतः ३८.३° ते ३९.२° से. आणि हृदयस्पंद आकारमानानुसार मिनिटास सु. ६० ते १४० असतात. भीतीने हे दोन्ही वाढू शकतात आणि ताप किंवा हृदयविकार असल्याचा भास होतो. रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण व श्वेत कोशिकांच्या निरनिराळ्या प्रकारांचे परस्परप्रमाण यांतही फरक पडतो. सतत धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या छातीतील ध्वनी नीट ऐकू येत नाहीत, तर ताठ केलेल्या पोटामुळे हाताने चाचपून केलेल्या तपासणीतून फारसे काही कळत नाही.

भीतीची लक्षणे : दात दाखविणे व गुरगुरणे ही भीतीची उशिराची लक्षणे आहेत. त्यांपूर्वी कुत्रा अनेक सौम्य संकेत देतो. अन्न समोर नसताना जीभ ओठांवरून फिरविणे, झोप आलेली नसताना जांभया देणे, तोंड दुसरीकडे वळविणे, पुढचा एक पाय उचलून धरणे, कान मागे पाडणे, शेपूट पायांत घालणे, अंग आक्रसून घेणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, उष्मा नसताना धापा टाकणे, एकाएकी केस गळू लागणे आणि टेबलावर पंजांचे ओलसर ठसे उमटणे ही त्यांपैकी प्रमुख होत. आवडता खाऊ नाकारणे हे भीती बरीच वाढल्याचे लक्षण समजतात. मात्र आजारी किंवा पोट भरलेला कुत्राही खाऊ नाकारतो, हे ध्यानात ठेवावे.

या संकेतांकडे दुर्लक्ष झाल्यास कुत्रा पायरीपायरीने पुढे जातो. प्रथम तो मान वळवितो, नंतर दूर जाऊ पाहतो, मग ताठ होऊन थिजतो, गुरगुरतो, हवेत चावा घेतो व अखेरीस प्रत्यक्ष चावतो. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला शिक्षा करणे हे विशेष धोक्याचे असते. त्यामुळे भीती नाहीशी होत नाही, केवळ सूचना देणे बंद होते आणि पुढील वेळी कुत्रा सूचनेवाचून चावतो.

निश्चल राहणारा प्रत्येक कुत्रा शांत असतोच असे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की ज्या विजेच्या धक्क्यापासून सुटका नव्हती असे धक्के सोसलेल्या कुत्र्यांपैकी अनेकांनी, पुढे सुटका शक्य असतानाही, सुटण्याचा प्रयत्न केला नाही. हे प्रयोग क्रूर होते व आज त्यांस मान्यता मिळणार नाही. तथापि त्यांतून निघालेला बोध महत्त्वाचा आहे. चौघांनी दाबून धरल्यावर हालचाल सोडून देणारा कुत्रा समजूतदार झालेला नसून पुष्कळदा हतबल झालेला असतो. शांत कुत्र्याचे स्नायू सैल असतात, डोळे मृदू दिसतात, तो खाऊ घेतो आणि मोकळे सोडल्यावर लगेच पळून जात नाही.

तात्त्विक आधार : रशियन शरीरक्रियावैज्ञानिक आय. पी. पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांतून अभिसंधानाची संकल्पना पुढे आली. अन्नापूर्वी एखादे उद्दीपक वारंवार दिले, तर केवळ त्या उद्दीपकानेही लाळ सुटू लागते. त्यांच्याच प्रयोगशाळेत असेही आढळले, की सौम्य वेदनाकारक उद्दीपकानंतर नियमाने अन्न दिल्यास कुत्र्याची प्रतिकाराची क्रिया मंदावते व त्याऐवजी लाळ सुटू लागते. मात्र उद्दीपक सौम्य असणे व अन्न त्याच्या नंतर येणे या दोन अटी येथे महत्त्वाच्या आहेत.

मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या एका बालकाची भीती, ते आवडता खाऊ खात असताना ससा टप्प्याटप्प्याने जवळ आणून, घालविली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मानसोपचारतज्ञ जोसेफ वोल्प यांनी १९५८ मध्ये या तत्त्वाला पद्धतशीर उपचाराचे रूप दिले. भीतिकारक गोष्टीची मात्रा अत्यल्प ठेवून ती क्रमाक्रमाने वाढविणे यास विसंवेदनीकरण व त्या गोष्टीचा सुखद अनुभवाशी संबंध जोडणे यास प्रति-अभिसंधान म्हणतात. कुत्र्यांच्या बाबतीत या दोहोंचा एकत्र उपयोग करतात.

इष्ट वर्तनानंतर बक्षीस दिल्यास ते वर्तन वाढते, हे प्रबलनाचे तत्त्व अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–९०) यांनी विशद केले. या तत्त्वाचा हाताळणीसाठी विशेष विकास सागरी सस्तन प्राणी व प्राणिसंग्रहालयांतील प्राणी यांच्या बाबतीत झाला. कारण देवमाशाला किंवा वाघाला बळाने धरून ठेवणे शक्य नसते. हे प्राणी स्वतः शेपटी वा पाय पुढे करून रक्त काढू देतात, असे दिसून आल्यानंतर तीच रीत कुत्र्यांसाठी वापरली जाऊ लागली. अमेरिकन पशुवैद्य सोफिया यिन (१९६६–२०१४) यांचा अल्पताण हाताळणीवरील सचित्र ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याने या विषयाच्या प्रसारास मोठा हातभार लावला.

पिलांचा सराव : जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत दीर्घकाळ केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांनुसार पिलाच्या वयाचा सु. ३ ते १२ आठवड्यांचा काळ सामाजिकीकरणाच्या दृष्टीने निर्णायक असतो. या काळात ज्या गोष्टींशी सुखद परिचय होतो, त्यांची पुढे सहसा भीती वाटत नाही. म्हणून या वयात रोज एकदोन मिनिटे पिलाचे पंजे, कान, ओठ व शेपूट यांना हळुवार स्पर्श करून लगेच खाऊ द्यावा. मऊ ब्रश, ओला टॉवेल व नखांची कात्री यांची ओळख करून द्यावी.

हाच काळ प्राथमिक लसीकरणाचाही असल्याने अडचण उद्‌भवते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिलाला घरात कोंडून ठेवल्यास रोग टळतो, परंतु सरावाचा काळ निघून जातो. अमेरिकेतील पशुवर्तनविषयक पशुवैद्यक संस्थेने २००८ मध्ये असे मत मांडले, की पहिली लस दिल्यानंतर सु. आठवड्याने पिलांना स्वच्छ जागी व निरोगी कुत्र्यांच्या सहवासात नेण्यास हरकत नाही. भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर मात्र पिलाला सोडू नये. त्याला कडेवर घेऊन दवाखान्यापर्यंत न्यावे, तेथील माणसांच्या हातून खाऊ द्यावा व काहीही न टोचता परत आणावे. अशा दोनतीन भेटींचा पुढे दीर्घकाळ उपयोग होतो.

सरावाची रीत : सरावाचे काम लहान लहान पायऱ्यांत विभागतात. प्रत्येक पायरीवर कुत्रा सैल व स्वस्थ राहत असेल तरच पुढील पायरी घेतात. अस्वस्थतेचे लक्षण दिसल्यास एक पायरी मागे यावे. एका वेळी दोनतीन मिनिटांपेक्षा अधिक सराव करू नये व तो कुत्रा कंटाळण्यापूर्वी थांबवावा. आधी स्पर्श व नंतर खाऊ हा क्रम काटेकोरपणे पाळावा. उलट क्रम झाल्यास खाऊ हीच संकटाची सूचना ठरते आणि खाऊ दिसताच कुत्रा पळ काढतो.

खाऊ अगदी लहान तुकड्यांचा व एरवी न मिळणारा असावा. उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, उकडलेले अंडे, पनीर किंवा थाळीला चोपडलेले बिनसाखरेचे दही उपयोगी पडते. चाटण्याची क्रिया पुष्कळ कुत्र्यांना स्वस्थ करते. चॉकोलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल हा गोड पदार्थ असलेले खाद्य कुत्र्यास विषारी असल्याने देऊ नये. शेंगदाण्याच्या काही तयार लोण्यांत झायलिटॉल असते, म्हणून वेष्टनावरील मजकूर पाहून घ्यावा.

कुत्र्याला स्वतःची संमती दर्शविता येईल असा संकेत शिकविणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. त्याने मालकाच्या तळहातावर किंवा घडी केलेल्या टॉवेलावर हनुवटी टेकविली, की काम सुरू करावे आणि हनुवटी उचलताच हात मागे घ्यावा. सुरुवातीस कुत्रा वारंवार हनुवटी उचलतो. परंतु आपण थांबविल्यावर काम खरोखरच थांबते, असा विश्वास बसल्यावर तो उत्तरोत्तर अधिक वेळ स्थिर राहू लागतो. परिस्थितीवर आपला काही ताबा आहे ही जाणीव भीती कमी करते, असे यामागील स्पष्टीकरण आहे.

निरनिराळ्या क्रिया : (१) विंचरणे : लांब किंवा दुहेरी केसांच्या जातींत रोज थोडे विंचरणे हे महिन्यातून एकदा दीर्घकाळ विंचरण्यापेक्षा बरे. गुंता सोडविताना केस कातडीलगत बोटांनी धरावेत, म्हणजे ओढ कातडीवर येत नाही. कातडीला चिकटलेल्या जटा कात्रीने कापू नयेत, कारण त्यांबरोबर कातडीही कापली जाते. त्या यंत्राने काढाव्यात.

(२) स्नान : घसरण्याची भीती घालविण्यासाठी पायांखाली रबरी चटई किंवा गोणपाट अंथरावे. पाणी कोमट असावे. धार प्रथम पायांवर धरावी व डोक्यावर पाणी न ओतता ओल्या फडक्याने तोंड पुसावे. केस वाळविण्याचे यंत्र प्रथम दूरच्या खोलीत चालू करून सराव द्यावा. आवाज सहन न होणाऱ्या कुत्र्याचे अंग टॉवेलाने पुसून उन्हात वाळविणे योग्य.

(३) नखे : नखाच्या आत रक्तवाहिनी व तंत्रिका असलेला जिवंत भाग असतो. पांढऱ्या नखांत तो गुलाबी दिसतो, काळ्या नखांत दिसत नाही. म्हणून टोकाचे पातळ काप घ्यावेत व कापलेल्या पृष्ठभागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसताच थांबावे. सरावाच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे असतात : कात्री जमिनीवर ठेवून दाखविणे, कात्रीने पंजास नुसता स्पर्श करणे, आगकाडी कापून आवाज ऐकविणे, नखाभोवती कात्री धरून न कापता काढून घेणे आणि अखेरीस एकच नख कापणे. दिवसाला एक नख या वेगाने काम केले, तरी ते तीन आठवड्यांत पूर्ण होते. कात्रीला फार भिणाऱ्या कुत्र्याला फळीवर चिकटविलेल्या काचकागदावर पंजा घासण्यास शिकविल्यास पुढील पायांची नखे आपोआप झिजतात. आतील बाजूचे अंगठ्याचे नख जमिनीस लागत नसल्याने ते वळून कातडीत रुतू शकते, त्याकडे विशेष लक्ष द्यावे.

(४) कान व दात : कुत्र्याची कर्णनलिका प्रथम उभी व नंतर आडवी वळलेली असल्याने तीत कापसाची काडी घालू नये, तिने मळ आत ढकलला जातो. औषधी द्रावण थेट कानात पिचकारण्याऐवजी ते हाताच्या उष्णतेने कोमट करून कापसाच्या बोळ्याने सोडल्यास कुत्रा दचकत नाही. दात घासण्याचा सराव ओठ उचलण्यापासून सुरू करून बोटाला गुंडाळलेले फडके व नंतर ब्रश असा करावा. माणसांची दंतमलमे कुत्र्यांसाठी वापरू नयेत.

दवाखान्यातील भेट : कमी गर्दीची वेळ आधी ठरवून घ्यावी. दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांच्या आवाजाने कुत्री आधीच अस्वस्थ असल्याने तातडीची नसलेली तपासणी त्या काळात टाळावी. गाडीची भीती असल्यास आधी काही दिवस थांबलेल्या गाडीत बसवून खाऊ देण्याचा सराव करावा. पशुवैद्याने अन्य सूचना दिली नसेल, तर कुत्र्याला किंचित भुकेल्या अवस्थेत न्यावे, म्हणजे खाऊचा उपयोग होतो. शस्त्रक्रियेपूर्वी व शुद्धिहरणापूर्वी मात्र उपाशी ठेवण्याविषयीच्या सूचना कटाक्षाने पाळाव्यात. घरातील चटई सोबत नेल्यास ओळखीचा वास व घट्ट आधार या दोन्ही गोष्टी साधतात. आपली पाळी येईपर्यंत बाहेर मोकळ्या जागी सावलीत थांबावे. बंद गाडीत कुत्र्याला ठेवू नये, कारण उन्हात ती थोड्याच वेळात प्राणघातक तापते.

पशुवैद्याने कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून न पाहता बाजूने जवळ यावे, त्याला हुंगू द्यावे आणि शक्यतो जमिनीवरच तपासणी करावी. ज्या क्रियेत सर्वांत अधिक त्रास होतो ती शेवटी करावी. एका हाताचा अंगावरील स्पर्श कायम ठेवून दुसऱ्या हाताने तपासल्यास प्रत्येक नव्या स्पर्शाने कुत्रा दचकत नाही. औषध भरताना वापरलेली सुई टोचण्यापूर्वी बदलल्यास धार कायम राहून वेदना कमी होते. धरण्याची गरज असेल तेव्हा कमीत कमी माणसांनी शरीराला सर्व बाजूंनी आधार देऊन धरावे. दोनतीन प्रयत्नांत काम न झाल्यास व ते तातडीचे नसल्यास ते पुढे ढकलावे. आज अपुरे राहिलेले नख उद्या कापता येते, परंतु एकदा बसलेली धास्ती घालविण्यास कित्येक महिने लागतात.

मालकाने जवळ राहून हलक्या आवाजात बोलल्यास व थोपटल्यास अनेक कुत्र्यांच्या हृदयस्पंदांचा वेग कमी राहतो. असे केल्याने कुत्र्याचे लाड होऊन भीती वाढते, ही समजूत निराधार आहे. मात्र मालक स्वतः रागावलेला किंवा गोंधळलेला असेल, तर त्याने हे काम दुसऱ्या ओळखीच्या व्यक्तीकडे सोपवावे.

मुसके : मुसके बांधणे ही शिक्षा नसून सुरक्षिततेचे साधन आहे. कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल व खाऊ घेता येईल असे टोपलीच्या आकाराचे जाळीदार मुसके उत्तम. तोंड आवळून धरणारे कापडी मुसके किंवा पट्टी अल्पकाळच वापरावी. कुत्रे मुख्यतः धापा टाकून शरीरातील उष्णता बाहेर टाकत असल्याने उष्ण हवेत त्यांपासून उष्माघाताचा धोका संभवतो. पगसारख्या आखूड नाकाच्या जातींत हा धोका अधिक असतो. मुसक्याच्या आत खाऊ ठेवून कुत्र्याने स्वतःहून तोंड आत घालावे, असा सराव घरी आधीच द्यावा.

औषधे : काही कुत्र्यांची भीती इतकी तीव्र असते, की ती सरावाने कमी होईपर्यंत औषधांची मदत घेणे हेच भूतदयेचे ठरते. पशुवैद्य अशा वेळी ट्रॅझोडोन, गॅबापेंटीन यांसारखी औषधे भेटीपूर्वी काही तास अगोदर देण्यास सांगतात. मात्रा वजन व प्रकृतीनुसार बदलते, म्हणून ती प्रथम घरी देऊन पाहणे हितावह असते. ॲसिप्रोमॅझीन हे पूर्वापार वापरले जाणारे शांतक एकटेच दिल्यास शरीर सुस्त होते, परंतु भीती कमी होतेच असे नाही. यामुळे भीतीवरील उपाय म्हणून केवळ त्यावर विसंबणे आता योग्य मानत नाहीत. मालकाने स्वतःच्या मनाने माणसांची औषधे कधीही देऊ नयेत. पॅरासिटॅमॉल व आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक ठरू शकतात, तर माणसांसाठीच्या काही द्रवरूप औषधांत झायलिटॉल असते. सुगंधी फवारे, अंगाला घट्ट बसणारी वस्त्रे व मंद संगीत यांचा उपयोग काही कुत्र्यांना होतो. परंतु त्यांचा परिणाम मर्यादित असून ते सरावाची जागा घेऊ शकत नाहीत.

जुन्या पद्धतींतील दोष : कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरावे, म्हणजे तो माणसाचे वर्चस्व मान्य करतो, असे पूर्वी मानले जाई. ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या, परस्परांशी नाते नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावर आधारलेली होती. अमेरिकन प्राणिवैज्ञानिक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की निसर्गातील लांडग्यांचा कळप हा सामान्यतः आईबाप व त्यांची पिले यांचे कुटुंब असते. तेथे वर्चस्वासाठी सतत झुंज चालत नाही. शिवाय टोचणीच्या वेळी धडपडणारा कुत्रा वर्चस्वासाठी नव्हे, तर सुटकेसाठी धडपडत असतो.

भारतातील स्थिती : मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय हे देशातील जुन्या पशुवैद्यक संस्थांपैकी एक होय. या क्षेत्राचा भर स्वाभाविकपणे दीर्घकाळ गुरांवर होता. शहरांत कुत्री पाळण्याचे प्रमाण वाढल्यावर घरगुती प्राण्यांच्या मानसिक स्वास्थ्याकडे लक्ष जाऊ लागले. प्राण्यांना अनावश्यक वेदना देण्यास १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने मनाई केलेली आहे.

येथील कुत्र्यांच्या बाबतीत काही विशेष गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. दख्खनमधील कारवानी ही शिकारी जात मालकाशी एकनिष्ठ, परंतु परक्याचा स्पर्श सहसा न खपवून घेणारी म्हणून प्रसिद्ध आहे. अशा कुत्र्याला परक्यांकडून धरविण्यापेक्षा मालकाने स्वतः धरणे इष्ट. रस्त्यावरून प्रौढ वयात घरी आणलेल्या गावठी कुत्र्यांना लहानपणी माणसाच्या हाताचा सराव झालेला नसतो. त्यांना स्थिरावण्यास काही आठवडे द्यावेत व निकडीचे वैद्यकीय काम नसल्यास नखे, कान यांना एवढ्यात हात घालू नये. धनगरांची व शेतावरील राखणीची कुत्री वर्षातून एकदा लसीकरण शिबिरातच हाताळली जातात. तेथे कुत्री परस्परांपासून दूर सावलीत बांधणे, ओळखीच्या माणसाने धरणे आणि टोचल्यावर भाकरीचा तुकडा देणे एवढ्याने धडपड पुष्कळ कमी होऊ शकते.

चावा घेतल्यास : सर्व काळजी घेऊनही कुत्रा चावण्याचा प्रसंग येऊ शकतो. चाव्याची अथवा ओरखड्याची जखम त्वरित साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता वैद्यकीय सल्ला घेऊन अलर्क-प्रतिबंधक लस टोचून घ्यावी. जखमेला हळद, चुना किंवा तिखट लावू नये. कुत्रा घरचा आहे, एवढ्या कारणावरून ही दक्षता सोडू नये. नंतर त्या प्रसंगाचा शांतपणे विचार करून कोणता स्पर्श, आवाज किंवा वेदना त्यास कारणीभूत झाली हे शोधावे आणि सरावाची सुरुवात त्या पायरीच्या बरीच अलीकडून पुन्हा करावी. दीर्घकाळ भयभीत असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत प्रगती मंद असते व अधूनमधून पीछेहाटही होते. तथापि पंजा पुढे करून स्थिर उभा राहणारा कुत्रा हा बहुधा मालकाच्या अशाच काही महिन्यांच्या नियमित सरावाचे फळ असतो.